देश नंतर निवडा, आधी परतीची जागा पक्की करा

पत्र : मुलगी सोळा वर्षांची आहे, तिच्या शाळेची शेवटची दोन वर्षं आता सुरू होतील. मुलगा एकोणीसचा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोघांनाही काही काळ परदेशात शिकायचंय. मुलीला वर्षभर कुणाच्या तरी घरी राहून तिथल्या शाळेत जायचंय. मुलाला एक सेमिस्टर पुरे वाटतं. मागच्या आठवड्यात मुलीला मेल आला, की एका आंतरराष्ट्रीय युवा परिषदेसाठी तुमची निवड झाली आहे, सात दिवसांत पैसे भरून जागा पक्की करा. ती हरखून गेली आहे. आमच्या घरातून याआधी कुणी बाहेर शिकायला गेलेलं नाही आणि ऐपतही बेताची आहे. सुरुवात कुठून करायची? वर्ष तर वाया जाणार नाही ना?
— एक आई

ताई,

त्या मेलचं आधी बोलू, कारण त्याला सात दिवसांची मुदत आहे. मुलीला एकच विचारा : तू या परिषदेसाठी अर्ज केला होतास का? केला नसेल, तर निवड झाली ती कशाच्या आधारावर? खऱ्या निवडीत अर्ज, गुणपत्रिका, शिक्षकांचं शिफारसपत्र आणि मुलाखत यांतले दोन-तीन टप्पे तरी असतातच आणि त्याला काही महिने लागतात. सात दिवसांची मुदत देतात ती घरच्यांना चौकशी करायला वेळ मिळू नये म्हणून. चार-पाच दिवस हॉटेलात राहायचं, भाषणं ऐकायची आणि सर्टिफिकेट घेऊन परत यायचं, ही सहल झाली. सहल म्हणून परवडत असेल तर जाऊ द्या, पण पुढे प्रवेश देणाऱ्यांच्या लेखी त्या सर्टिफिकेटला फारसं वजन नसतं. नामांकित विद्यापीठांच्या आवारात भरणाऱ्या महागड्या उन्हाळी वर्गांच्या बाबतीतही एक गोष्ट तपासा. पुष्कळदा विद्यापीठाने फक्त खोल्या भाड्याने दिलेल्या असतात आणि वर्ग चालवणारी कंपनी वेगळी असते. पैसे कुणाच्या खात्यात जातात, सर्टिफिकेटवर सही कुणाची आणि पुढे पदवीच्या हिशोबात धरलं जाणारं अधिकृत क्रेडिट मिळतं का, या तीन प्रश्नांत सगळं कळतं.

आता मूळ प्रश्न. बहुतेक घरांत चर्चा 'कुठला देश' इथून सुरू होते आणि तिथेच फसते. आधी ठरवायचं ते हे, की परत आल्यावर मूल कुठल्या वर्गात बसणार आणि तिकडे केलेलं इकडे कोण मोजणार. याचं उत्तर लेखी हातात आलं की देश निवडणं सोपं होतं, कारण निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आणखी एक गोंधळ शब्दांचा आहे. 'एक्स्चेंज' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खऱ्या एक्स्चेंजमध्ये दोन संस्थांचा करार असतो. तुम्ही फी आपल्याच कॉलेजात भरता, तिकडे शिकण्याची फी माफ असते. दुसरा प्रकार म्हणजे पाहुणा विद्यार्थी म्हणून तिकडची पूर्ण फी भरून एक सेमिस्टर करणं. तिसरा म्हणजे तिकडचीच पूर्ण पदवी. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात शिक्षण तेच, वर्गही तोच, पण खर्चात जमीनअस्मानाचा फरक. म्हणून कुणीही 'एक्स्चेंज' म्हणालं की लगेच विचारायचं : फी कुठे भरायची?

मुलीचं आधी हातात घ्या, मुलाचं नंतर. तिच्या वाटेला वयाची अट आहे आणि ते दार लवकर बंद होतं. शाळकरी मुलांना वर्षभर होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे मुलाला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या तिकडच्या कुटुंबाकडे, पाठवणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये एएफएसचं नाव पहिलं येतं. महायुद्धांमध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवी रुग्णवाहिका-चालकांची ही मूळची संघटना. १९४७ पासून ती शाळकरी मुलांची देवाणघेवाण करते. तिची फी असते, पण गरजेनुसार मिळणाऱ्या शिष्यवृत्त्याही असतात. त्यांचा अर्ज मुख्य अर्जासोबतच करायचा, नंतर मागून मिळत नाहीत. रोटरी यूथ एक्स्चेंजमध्ये राहणं-जेवण होस्ट फॅमिली करते आणि शाळेची फी पडत नाही. विमानभाडं, विमा, व्हिसा हा खर्च तुमचा. मूल रोटरी सदस्याचंच असावं अशी अट नाही. अर्ज जवळच्या रोटरी क्लबमार्फत जातो आणि निघण्याच्या साधारण वर्षभर आधी. देशाची पसंती विचारतात, पण तोच देश मिळेल असं नाही. अमुकच देश हवा, असा मुलीचा हट्ट असेल तर तिथे अर्ज करू नका. नियम कडक असतात : गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही. ते मोडले तर अर्ध्यातून घरी पाठवतात आणि भरलेलं विमानभाडं पाण्यात जातं. हे तिला अर्ज भरण्याआधी सांगा, विमानतळावर नको.

अमेरिकेत जायचं असेल तर व्हिसाचा प्रकार नीट बघा. एक्स्चेंजची मुलं जे-१ वर जातात. त्यांच्यासाठी होस्ट फॅमिलीतल्या सगळ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासावी लागते, मुलाची काळजी वाहणारा संस्थेचा स्थानिक समन्वयक १२० मैलांच्या आत राहणारा असावा लागतो आणि दर महिन्याला मुलाशी संपर्क ठेवणं संस्थेला बंधनकारक असतं. एफ-१ वर, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावर, सरकारी हायस्कूलमध्ये जायचं तर जास्तीत जास्त १२ महिने राहता येतं आणि शाळेचा विद्यार्थ्यामागे येणारा पूर्ण खर्च भरावा लागतो. एखादा एजंट सरकारी शाळेत फुकट बसवतो म्हणाला, तर हा नियम त्याच्यापुढे ठेवा. अमेरिकी सरकारचाच केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी, म्हणजे 'यस', हा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. त्यात विमानभाड्यापासून हातखर्चापर्यंत सगळं येतं. मात्र तो ठरावीक देशांच्या यादीपुरता आहे आणि निधी सरकारी आहे. म्हणून तुमच्या देशाचं नाव आणि त्या वर्षीची जाहिरात दिसेपर्यंत तो हिशोबात धरू नका.

तुमच्या मुलीसाठी आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो तो पर्याय यांपैकी नाहीच. युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, म्हणजे यूडब्ल्यूसी. पहिलं कॉलेज १९६२ मध्ये वेल्समध्ये निघालं, आज वेगवेगळ्या देशांत मिळून १८ आहेत. हे एक्स्चेंज नाही. शाळेची शेवटची दोन वर्षंच तिथे करायची आणि हातात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचं. वर्ष वाया जाण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण परत येऊन त्याच वर्गात बसायचं नसतं. निवड प्रत्येक देशातली राष्ट्रीय समिती करते आणि शिष्यवृत्ती घरच्या परिस्थितीवर ठरते, कधी अर्धी, कधी पूर्ण. पण प्रवेशाचं वय १६ ते १८ आणि अर्ज आदल्या वर्षी. म्हणजे तिच्या हातात जेमतेम एक फेरी आहे. अर्ज करण्याआधी इतकंच पाहा, की पुढच्या पदवीसाठी जिथे प्रवेश घ्यायचा तिथे आयबीचे कुठले विषय, कुठल्या पातळीवर मागतात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीकडे जायचं असेल तर विषय निवडताना झालेली चूक दोन वर्षांनी कळते आणि तेव्हा काही करता येत नाही.

वर्षभराच्या एक्स्चेंजवरच ती ठाम असेल, तर ते वर्ष जादाचं धरूनच चला. तिकडची शाळा डिप्लोमा देईलच असं नाही. जे-१ च्या मुलांना तर पुष्कळ शाळा तो देतच नाहीत. तिच्या शाळेला पत्र लिहा आणि तीन गोष्टींची लेखी उत्तरं घ्या : वर्षभर रजा मिळेल का आणि नाव पटावर राहील का, परत आल्यावर ती त्याच इयत्तेत बसेल की पुढच्या, आणि तिकडच्या गुणपत्रिकेवर कुणाचा सही-शिक्का लागेल. तोंडी 'बघू, काही अडचण नाही' यावर जाऊ नका. वर्षभरात मुख्याध्यापक बदलतात.

अर्जात मुलं सगळ्यात जास्त माती खातात ती होस्ट फॅमिलीला लिहायच्या पत्रात. 'मला नव्या संस्कृतीची आवड आहे, मी मनमिळाऊ आणि मेहनती आहे' असं लिहिलेली पत्रं समन्वयकाच्या टेबलावर ढिगाने असतात आणि कुठलंही कुटुंब त्यातून मूल निवडू शकत नाही. त्यांना ते मूल आपल्या स्वयंपाकघरात उभं असलेलं दिसायला हवं. 'सकाळी उठल्यावर अर्धा तास मी कुणाशी बोलत नाही, राग नसतो, तशी सवय आहे. रात्रीची भांडी भाऊ आणि मी आळीपाळीने घासतो. मांजराची मला ॲलर्जी आहे, कुत्रा चालेल. मांस खात नाही, पण टेबलावर दुसऱ्यांनी खाल्लं तर हरकत नाही.' असं पत्र हवं. ॲलर्जी, औषधं, खाण्यापिण्याची बंधनं आणि आधी झालेला मानसिक त्रास लपवू नका. निवड हुकेल या भीतीने पालक लपवतात आणि मग तिसऱ्या महिन्यात कुटुंब बदलायची वेळ येते. लपवलेल्या आजाराचा खर्च विमाही नाकारू शकतो.

कुटुंब बदलणं ही नामुष्की नाही, हेही तिला आधीच सांगून ठेवा. नाही जमलं तर पहिला फोन समन्वयकाला करायचा, आईला नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्ही हजारो मैलांवरून काही करू शकत नाही. तो त्याच दिवशी गाडी काढून येऊ शकतो. आणि पहिले दोन-तीन महिने रोज व्हिडिओ कॉल करू नका. मूल दिवसभर नव्या भाषेत धडपडतं आणि संध्याकाळी परत मनाने घरी येतं. मग त्याची भाषाही सुटत नाही आणि घरची ओढही कमी होत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी पुरे.

आता मुलाकडे. त्याला कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात पाठवा आणि एकच विचारायला सांगा : विद्यार्थी-देवाणघेवाणीचे चालू करार कुठले आणि या वर्षी प्रत्येकात जागा किती? 'आमचे चाळीस विद्यापीठांशी करार आहेत' हे उत्तर नव्हे. नुसतं सामंजस्य पत्र वेगळं आणि जागांसकट झालेला करार वेगळा. पहिल्यात फोटो निघतात, दुसऱ्यात मुलं जातात. कराराच्या जागेसाठी आधी आपलं कॉलेज नाव पुढे पाठवतं आणि मगच तिकडचं विद्यापीठ अर्जाची लिंक देतं. म्हणून तिकडच्या वेबसाइटवर लिहिलेली शेवटची तारीख त्याच्या कामाची नाही. त्याची खरी तारीख आपल्या कॉलेजची, आणि ती बरीच आधी येते.

युरोपातल्या विद्यापीठाशी करार असेल तर तो युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लसखाली आहे का ते पाहा. १९८७ मध्ये सुरू झालेली ही योजना आता युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही काही महिन्यांसाठी नेते. तिकडची फी माफ, महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासासाठी वेगळी रक्कम. बेताच्या ऐपतीत बसणारा यापेक्षा चांगला मार्ग पदवीच्या मुलांसाठी क्वचितच सापडेल. अडचण एवढीच, की पैसे सहसा पोहोचल्यावर, खातं उघडल्यावर येतात. घरभाड्याची अनामत, पहिलं भाडं, पांघरूण-भांडी, बसचा पास हे सगळं त्याआधीच लागतं. दीड-दोन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ हवा.

वर्ष वाया जातं की नाही, हे ठरतं 'लर्निंग ॲग्रीमेंट' नावाच्या कागदावर. तिकडे कुठले विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कुठले विषय माफ होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. सह्या तिघांच्या : विद्यार्थी, आपलं कॉलेज, तिकडचं विद्यापीठ. युरोपात पूर्ण वर्षाला ६० आणि सेमिस्टरला ३० ईसीटीएस (युरोपातली अभ्यास मोजायची सामाईक पद्धत) क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, ज्यात तासिका, अभ्यास, परीक्षा सगळं आलं. आता समजा, त्याला इकडचा चौथ्या सेमिस्टरचा 'सांख्यिकी' माफ करून घ्यायचाय. तिकडच्या यादीत 'सांख्यिकी' दिसला की मुलं खूश होतात. पण तो ५ क्रेडिटचा, म्हणजे १२५ ते १५० तासांचा आहे. इकडचा विषय त्याहून मोठा असेल तर विभागप्रमुख अडवणार. तो विषय फक्त शरद सत्रात शिकवला जातो आणि मुलगा जाणार वसंतात, असंही होतं. किंवा त्याआधीचा एक विषय पूर्ण असण्याची अट असते. म्हणून नुसतं विषयाचं नाव न देता अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत, सत्र, क्रेडिट आणि शिकवण्याची भाषा विभागप्रमुखांपुढे ठेवायची. ३० क्रेडिटची गरज असेल तर ४० क्रेडिटचे विषय आधीच मंजूर करून घ्यायचे, कारण तिथे गेल्यावर एखादा तरी वर्ग भरलेला निघतो किंवा वेळापत्रकात दुसऱ्यावर आदळतो. ग्रेड धरणार की फक्त उत्तीर्ण लिहिणार, हेही लेखी घ्या.

सत्रांच्या तारखाही जुळवून पाहा. जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं धरतात. हिवाळ्यातले वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. इकडचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर मुलगा दोन्हीकडून अडकतो. ही गोष्ट तिकीट काढल्यावर लक्षात येणाऱ्यांची संख्या कमी नाही.

सेमिस्टर जमत नसेल तर सुट्टीतलं संशोधन बघा. कॅनडातली मायटॅक्स संस्था ग्लोबलिंक नावाखाली पदवीच्या विद्यार्थ्यांना १२ आठवडे तिथल्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम देते आणि खर्चही उचलते. अर्ज आदल्या वर्षी भरायचा असतो आणि पात्र देशांची यादी ठरलेली असते. जर्मनीची डीएएडी ही १९२५ पासूनची संस्था उन्हाळी भाषावर्गांसाठी शिष्यवृत्ती देत आली आहे, या वर्षीची जाहिरात आहे का ते पाहा. यात क्रेडिटची कटकट नाही, वर्ष मोडत नाही आणि एका प्राध्यापकाने जवळून पाहून लिहिलेलं शिफारसपत्र मिळतं, जे पुढे फार कामाला येतं.

आणि आत्ता काहीच नाही जमलं, तर पदवीनंतर इरॅस्मस मुंडस आहे : दोन-तीन देशांत मिळून मास्टर्स, शिष्यवृत्ती महिना १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. 'युरोपात शिक्षण फुकट' हे जुनं ऐकीव मात्र तपासून घ्या. युरोपबाहेरच्यांना स्वीडनने २०११ पासून, फिनलंडने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून फी लावली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून नाही, पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो आहे.

कागदपत्रांमध्ये अडतं ते सहसा नावावर. पासपोर्टवर एक स्पेलिंग, गुणपत्रिकेवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. दुरुस्तीला महिने जातात, म्हणून दोघांचेही तिन्ही कागद आज रात्रीच शेजारी ठेवून अक्षर-न्-अक्षर जुळवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा. मुलगी अठराच्या आतली, तेव्हा आई-वडील दोघांचं संमतीपत्र नोटरी करून लागेल. काही देश त्यावर आणि जन्मदाखल्यावर १९६१ च्या हेग करारातला ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, मागतात. तिच्या लसीकरणाची तारीखवार नोंदही काढून ठेवा. त्याशिवाय पुष्कळ शाळा वर्गात बसू देत नाहीत. आयईएल्टीएस, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं धरले जातात, फार आधी परीक्षा देऊन फायदा नाही.

पैसे दाखवण्याचा नियम देशागणिक बदलतो आणि व्हिसा नाकारला जातो तो पुष्कळदा इथेच. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. समजा दाखवायचे आहेत १०,००० पौंड आणि एकोणिसाव्या दिवशी बिल भरल्यामुळे खात्यात ९,९५० उरले. दुसऱ्याच दिवशी भर घातली तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणून ते खातं वेगळं ठेवा आणि त्याला हात लावू नका. जर्मनीत मुलाच्या नावाच्या बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ काढता येतात. पुरेशी शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. युरोपातल्या ९० दिवसांच्या आतल्या वर्गासाठी शेंगेन व्हिसा (तिथल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा अल्पकाळाचा व्हिसा) पुरतो, पण त्याला निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसाची हमी देणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. निर्णय वकिलातीचा असतो. शिवाय एजंटने घातलेल्या खोट्या कागदाची शिक्षा मुलाला भोगावी लागते.

शेवटी परतायच्या वेळचं. मुलाने तिथून निघण्याआधी प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत, बदललेल्या विषयांवरच्या नव्या सह्या आणि आल्या-गेल्याच्या तारखांचं पत्र घेऊनच निघावं. गुणपत्रक नंतर येतं, कधी दोन महिन्यांनी. ते विद्यापीठाकडून थेट आपल्या कॉलेजला जाईल अशी व्यवस्था तिथल्या ऑफिसात बसून करायची आणि ज्या माणसाने ती केली त्याचा ईमेल घ्यायचा.